संगतीचे गुण

दातवाल्याला आपल्या साडूचं काहीच बघवत नसे. त्याचं हसणं बघवत नसे, त्याचं जेवणं बघवत नसे, आणि त्याची पत तर मुळीच बघवत नसे.

पत म्हणजे आकडा. शून्यापासून हजारापर्यंत, प्रत्येकाच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात. रांगेत नीट उभं राहिलं, शेजाऱ्याने चांगली नोंद केली, रक्त दिलं, म्हाताऱ्यांची सेवा केली, की आकडा चढायचा. कुणावर आवाज चढवला की उतरायचा. नऊशेच्या वरच्यांना दवाखान्यात स्वतंत्र खोली आणि कचेरीत बसायला खुर्ची. तीनशेच्या खालच्यांना दुकानदार ‘काय हवं’च्या ऐवजी ‘काय आहे’ असं विचारायचा. बायका आपापसांत म्हणायच्या, हल्ली पतीपेक्षा पत मोठी.

साडूची पत होती नऊशे बारा. दातवाल्याची सहाशे अठ्ठ्याऐंशी.

बरं, साडू कोण असा मोठा लागून गेला होता? शाळेची बस चालवायचा. उलट दातवाला म्हणजे हातात कला असलेला माणूस. बावीस वर्षं तो कवळ्या करत होता. शहरातले निम्मे डॉक्टर ठसे त्याच्याकडे पाठवायचे आणि निम्मे म्हातारे त्याच्या हातचे दात लावून हसायचे. पण त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कवळी चांगली बसली तर डॉक्टरचं कौतुक, आणि टोचली तर ‘कुणाकडून करून घेतलीत हो?’ तोंडाने तो जरा फटकळ होता, त्यामुळे चांगल्या नोंदी कमी आणि वाकड्याच फार. त्याने रक्त दिलं, बागेतला कचरा वेचला, जिन्यात भेटेल त्याला ‘नमस्कार’ म्हणून पाहिलं. तळमजल्यावरच्या बाईंनी नोंद केली, ‘हल्ली विनाकारण हसतात, भीती वाटते.’ चार गुण गेले.

सासूबाईंकडे दर शनिवारी दोन्ही जावई जेवायला असत. सासूबाई वाढायला घेण्याआधी आकडे विचारायच्या, जशी दुसरी माणसं तब्येत विचारतात.

‘धाकटे जावई?’

‘नऊशे बारा,’ साडू लाजल्यासारखं सांगायचा. ते लाजणं तर दातवाल्याच्या अगदी डोक्यात जायचं.

‘आणि थोरले?’

‘आहे तेच.’

‘असू दे,’ सासूबाई म्हणायच्या. ‘असू दे’ या दोन शब्दांत एवढी धार असते हे दातवाल्याला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्यातच सासूबाईंच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचं निघालं. दवाखान्याचा नियम असा, की नऊशेच्या वरच्या नातेवाइकाने जबाबदार म्हणून सही केली तर तारीख लवकर मिळते आणि खोलीही स्वतंत्र. साडूने सही केली. पुढच्याच महिन्यातला गुरुवार मिळाला. सासूबाईंनी तो कागद चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला आणि येईल त्याला दाखवू लागल्या. ‘जावई असावा तर असा.’ एकदा हे दातवाल्यासमोरच म्हणाल्या. घरी परतताना बायकोने एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा दातवाल्याने आठवडाभर मनात घोळवला.

‘बस तर मीसुद्धा चालवीन,’ एका संध्याकाळी तो म्हणाला.

‘कुणी अडवलंय?’ बायको म्हणाली. ‘पण मुलांना घ्यायला आठशेच्या वर लागतात.’

साडूचे बरेचसे गुण वृद्धाश्रमातून येत. दर रविवारी दुपारी तीन तास सेवा, गेली दोन वर्षं, एकही खाडा नाही. दातवाल्याने मनाशी ठरवलं, हे आपल्यालाही जमेल. त्याने त्याच आश्रमात नाव घातलं. साडूला मात्र सांगितलं नाही. बघू तरी, हा असं काय करतो!

आश्रमाची पद्धत सोपी होती. म्हाताऱ्यांकडे पूर्ण लक्ष राहावं म्हणून आलेल्याने फोन दाराशी कप्प्यात ठेवायचा आणि जाताना काढून घ्यायचा. फोन जितका वेळ कप्प्यात, तितकी सेवा. दातवाल्याने आपला फोन ठेवला, तेव्हा शेजारच्या कप्प्यात साडूचा फोन दिसला. कोपऱ्यात तडा गेलेली काच आणि मागे कुठल्याशा पोराने चिकटवलेलं पिवळ्या बसचं चित्र. म्हणजे स्वारी आतच आहे. पण दोन्ही दालनं फिरला, अंगणात बघितलं, साडूचा पत्ता नाही. दातवाल्याच्या छातीत गोड धडधड सुरू झाली.

खिडकीशी एक आजी लोकर गुंडाळत होत्या. त्याने सहज विचारलं, ‘बसवाले आले नाहीत का आज?’

‘तो होय? आला, आमची चौकशी केली, त्या पलीकडच्याची नखं कापली, आणि गेला मागच्या दाराने. अडीच तासांनी येतो परत.’ आजींनी धाग्याला गाठ मारली. ‘चांगला आहे हो पोरगा.’

पुढच्या रविवारी दातवाला मागच्या दाराबाहेर, भाजीच्या रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला उभा राहिला. अर्ध्या तासाने साडू बाहेर आला. हातात कापडी पिशवी. भरभर चालत तो दोन गल्ल्या ओलांडून जुन्या टायरांच्या गोदामापाशी गेला आणि गोदामाच्या बाजूने खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवरून दिसेनासा झाला.

दातवाल्याला वाटलं, बाई असणार. वाटलं म्हणजे काय, त्याने मनोमन तशी इच्छाच धरली. जमिनीलगत एक आडवी खिडकी होती, काचेवर धूळ बसलेली. तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

आत साठीचा एक माणूस खाटेवर बसला होता. गालफडं आत गेलेली, तोंडात एकही दात नाही. साडू शिजवलेले बटाटे बशीत चमच्याने मऊ करत होता आणि तो माणूस काहीतरी सांगत होता. मग दोघं हसायला लागले. साडू इतका हसला की चमचा खाली ठेवून त्याने डोळे पुसले. शनिवारच्या जेवणावर साडू हसायचा तसलं ते हसणं नव्हतं. ‘अण्णा, पुरे!’ हे शब्द काचेतूनही ऐकू आले.

तेव्हा दातवाल्याच्या ध्यानात आलं. साडूला थोरला भाऊ आहे हे लग्नाच्या वेळी कधीतरी कानावर पडलं होतं. अण्णा, नळदुरुस्तीवाला. आईबाप लवकर गेल्यावर त्यानेच साडूला वाढवलं. एका इमारतीत गळती शोधायला गेला आणि तिथल्या बड्या माणसाला तोंडावर म्हणाला, ‘साहेब, गळतंय ते तुमच्याच चोरून बांधलेल्या न्हाणीघरातून.’ अख्ख्या इमारतीने त्याच्या नावावर वाकड्या नोंदी केल्या. पत उतरली म्हणून कामं गेली, कामं गेली म्हणून पत आणखी उतरली. माफीनामा लिहिला असता तर निभावलं असतं. त्याने लिहिला नाही. तीनशेच्या खाली गेल्यावर घरात त्याचं नाव निघेनासं झालं, कारण नियमच तसा होता: दोन फोन एका खोलीत पाव तासाहून जास्त राहिले की वरच्याला खालच्याची संगत लागायची. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण सरकारने फारच मनावर घेतली होती.

म्हणजे साडू फोन म्हाताऱ्यांपाशी ठेवून भावाला जेवू घालत होता, आणि गुण मात्र म्हाताऱ्यांच्या सेवेचे घेत होता.

दातवाला घरी आला तो जवळजवळ तरंगतच. बायकोने विचारलंसुद्धा, ‘आज स्वारी खुशीत?’

सोमवारी त्याने दुपारपर्यंत काम केलं. एका बाईंच्या वरच्या कवळीचे पुढचे दात मेणात बसवायचे होते. त्याने ते तीनदा बसवले आणि तीनदा वाकडे झाले. ‘आपण कशाला त्यात पडा,’ असं तो स्वतःशी म्हणाला. मग त्याला सासूबाईंचं चष्म्याचं घर आठवलं. तो हात न धुताच फोन घेऊन बसला आणि ‘दक्ष नागरिक’ हा रकाना उघडला. आश्रमाचं नाव, वार, वेळ, मागचं दार, गोदाम, पायऱ्या. शेवटी एक प्रश्न होता: तुम्ही लिहिलेलं सर्व खरं आहे का? एक अक्षरही खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. खोटं असतं तर त्याला ते लिहायची लाज वाटली असती.

त्याने ‘हो’ दाबलं. काचेवर गुलाबी मेणाचा ठसा उमटला.

नऊ दिवसांनी दातवाल्याची पत सातशे तीन झाली. पंधरा गुण, दक्षतेबद्दल. त्याच दिवशी साडूची नऊशे बारावरून सहाशे चारवर आली. दोन वर्षांची सगळी सेवा बाद, त्यावर फसवणुकीचा दंड वेगळा. दुसऱ्या दिवशी त्याला बसवरून काढून गाड्या धुण्याच्या कामावर लावलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन आला: सही आता चालत नाही, गुरुवार रद्द, नाव सर्वसाधारण यादीत, साधारण पाच महिने लागतील.

हे शेवटचं दातवाल्याने हिशेबात धरलंच नव्हतं. सासूबाईंनी कागद चष्म्याच्या घरातून काढला, पुन्हा वाचला आणि पुन्हा आत ठेवला. ‘कुणाचं काय वाकडं केलं होतं त्याने?’ एवढंच म्हणाल्या.

त्या शनिवारी आकडे कुणी विचारले नाहीत. दातवाल्याला वाटलं होतं, साडू मान खाली घालून जेवेल. गेले कित्येक दिवस तो त्याच दृश्याची वाट पाहत होता. पण साडू नेहमीसारखा आला, दोनदा वाढून घेतलं, आणि मेव्हणीचे डोळे सुजलेले असतानाही चक्क बरा दिसत होता.

‘एक बरं झालं,’ तो म्हणाला. ‘आता अण्णाकडे पुढच्या दाराने जातो. फोन खिशात घेऊन. दोन वर्षं त्या मागच्या दाराची कडी काढताना मी दहादा मागे बघायचो हो. आता कसलं काय!’

‘आणि मुलं?’ दातवाल्याची बायको हळूच म्हणाली. ‘बसमधली?’

‘ती आठवतात,’ साडू म्हणाला. ‘धुवायला बस येते तेव्हा सीटखाली खोडरबरं सापडतात.’ मग त्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला.

दातवाल्याचा घास तोंडात फिरायला लागला. नऊशे बाराचा साडू सलायचा, पण सहाशे चारचा जास्तच सलायला लागला. याच्याकडे असं काय आहे, की तीनशे गुण गेले तरी हा दोनदा वाढून घेतो? तो रात्री अंथरुणावर पडून आठवत राहिला, आपण कुणासाठी पाच गुण तरी सोडले असते का? त्याला कुणी आठवेना. आणि आपल्यासाठी सोडणारं? त्याने कूस बदलली.

मंगळवारी सकाळी साडू थेट कारखान्यात आला. कारखाना म्हणजे दीड खोली: प्लास्टरची पोती, मेणाची भांडी, फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे.

‘साडूभाऊ, एक मागणं आहे. नाही म्हणालात तरी राग नाही.’

दातवाल्याने मेणाचं भांडं उगाच पुढे ओढलं. कळलं की काय?

‘अण्णाला दात करून द्याल? तीनशेच्या खालच्यांना डॉक्टर दात काढून देतात, लावून देत नाहीत. दीड वर्ष माणूस मऊ खातोय. मी बाहेर कुणाला विचारू? तुमच्यासारखा हात शहरात नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.’

‘घरात? कोण म्हणतं?’

‘सासूबाईच म्हणतात. तुमच्यासमोर नाही म्हणत. म्हणतात, थोरल्याला स्तुती पचत नाही.’

दातवाल्याने फळीवरचे जबडे उगाच सरळ केले. ज्या माणसाचा पाय आपण ओढला, तोच माणूस आपल्याला, बावीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं ते, हातावर ठेवून चालला होता. ‘रविवारी येतो,’ तो कसाबसा म्हणाला.

‘जुन्या टायरांच्या गोदामापाशी मी थांबतो. फोन घरी ठेवून या. तुमचा आकडा उगाच नको उतरायला.’

ठसा घेणं हे खरं डॉक्टरचं काम, पण दातवाल्याने इतकी वर्षं ठसे वाचले होते, की घेणं त्याला जड नव्हतं. अण्णाने आ केला, आणि दातवाल्याने तोंडात ठशाचं साहित्य भरलेली वाटी दाबून धरली. त्या चार मिनिटांत अण्णाला बोलता येत नव्हतं. त्याने बोलून घेण्यासारखं सगळं आधी आणि नंतर बोलून घेतलं.

‘दाखवायचे दात कर आणि खायचे पण कर. वेगळे वेगळे नकोत, मी काही पुढारी नाही.’

‘पुढचे थोडे वाकडे करतो,’ दातवाला म्हणाला. ‘अगदी सरळ केले की खोटे दिसतात.’

‘बघ!’ अण्णा साडूकडे वळून म्हणाला. ‘याला आपलं काम कळतं. हा माणूस तू आजपर्यंत लपवून का ठेवला होतास?’

साडू हसला आणि भावाच्या हनुवटीला लागलेलं पांढरं ओल्या फडक्याने पुसायला लागला. अण्णाने ‘मी काय तान्हा आहे का’ म्हणून फडकं हिसकावलं, साडूने पुन्हा घेतलं. दोघांची ती ओढाताण दातवाला बघत राहिला. त्याला मनापासून वाटलं, ही खोली, ही खाट, हा दोनशे सत्तर गुणांचा म्हातारा, यातलं काहीतरी आपलं असायला हवं होतं. हा हेवा आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा खोल होता, आणि त्याची कुठे तक्रारही करता येत नव्हती.

बायकोला कळलं ते अगदी साध्या कारणाने. गॅसच्या नोंदणीसाठी तिने त्याचा फोन घेतला आणि गुणांची यादी उघडली.

‘दक्षता, पंधरा,’ तिने वाचलं. ‘कसली हो दक्षता?’

तो कवळीसाठी दात निवडत बसला होता. ‘असेल काहीतरी.’

‘अकरा तारखेला. त्याच दिवशी तुमच्या साडूंचे गेले.’ ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ‘माझ्याकडे बघा.’

त्याची दातखीळ बसली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘आईच्या गुडघ्यांत रात्रभर कळा येतात. मी काल तिकडे होते. ती उशी तोंडात धरते, आवाज होऊ नये म्हणून.’ मग म्हणाली, ‘माझंही चुकलं. मी सुस्कारे सोडायचे. पण मी बोट नाही दाबलं. या रविवारी तुम्ही सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगते.’

रविवारी दातवाला मेणात बसवलेली कवळी डब्यात घेऊन निघाला. तोंडात घालून बघायची, चावा जुळतो का पाहायचा, मग पक्की करायची. निघताना त्याने फोन टेबलावर ठेवला, आणि दारातून परत येऊन खिशात घातला.

अण्णाने कवळी लावली, आरशात पाहिलं आणि गालांवरून हात फिरवला. गालफडं भरून आली होती. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

‘आपल्या बाबांसारखा दिसतोस रे,’ साडू म्हणाला.

हाच क्षण गाठायचा असं दातवाल्याने ठरवलं नव्हतं, पण आणखी थांबलो तर राहून जाईल हे त्याला कळलं. ‘तक्रार मी केली होती,’ तो म्हणाला. ‘आश्रमाची. मागच्या दाराची. खिडकीतून पाहिलं आणि मी लिहिलं.’

साडूला आधी अर्थच लागला नाही. ‘तुम्ही? पण तुम्हाला काय… आपलं कधी भांडणसुद्धा झालं नाही.’

‘नाही झालं.’

‘मग का?’

दातवाल्याने वाटेत चार कारणं तयार ठेवली होती. नियम, प्रामाणिकपणा, असलं काहीबाही. यातलं एकही ओठावर येईना. ‘बघवत नव्हतं,’ तो म्हणाला.

साडू उठला आणि पायऱ्या चढून बाहेर गेला. वर गोदामापाशी काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. टायरांची चवड ढकलली असावी. अण्णा मेणाचे दात तोंडात तसेच धरून दातवाल्याकडे रोखून बघत होता.

‘मेण आहे, तोंड मिटून जोरात दाबू नका,’ दातवाला म्हणाला.

‘तुझा गळा दाबला तर चालेल?’ अण्णा म्हणाला.

साडू परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो दारातच उभा राहिला. ‘त्या शनिवारी मी म्हणालो, एक बरं झालं, कटकट मिटली. पण खोटं आहे ते. मला त्या पोरांची आठवण येते. सकाळी सात वाजता मी अजून जागच्या जागी स्टिअरिंग धरल्यासारखा बसतो. आणि सासूबाईंनी तुमचं काय केलं होतं? तेवढं सांगा.’

दातवाल्याने मेणाची कवळी अण्णाच्या तोंडातून काढून डब्यात ठेवली.

‘दात पुरे करा,’ साडू म्हणाला. ‘हातात घेतलेलं काम आहे. अण्णाने उपाशी राहायचं कारण नाही. पण त्यानंतर शनिवारी मी येईन त्या वेळेला तुम्ही येऊ नका.’

दातवाल्याने कवळी पुरी केली. आयुष्यात केली नव्हती इतकी नीट केली. पुढच्या एका दातावर त्याने चहाचा बारीकसा डागही रंगवला, कारण साठीच्या माणसाचे दात तसेच असतात. मेणाची कवळी लावून बघायला गेला तेव्हा आणि पक्की द्यायला गेला तेव्हाही फोन त्याच्या खिशात होता. आकडा आधी सहाशे एक्केचाळीसवर आला आणि मग पाचशे सत्त्याण्णववर. दोन डॉक्टरांनी ठसे पाठवणं बंद केलं. त्याने पत-कचेरीत जाऊन तक्रार मागे घेण्याचा अर्जही दिला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘खोटी होती का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग मागे काय घेणार?’

सासूबाईंना कुणी सांगितलं ते कळलं नाही. त्यांनी त्याला बोलावणं पाठवलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. आता तो रविवारी जातो, साडू शनिवारी. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामाला तोच नेतो. जिना उतरताना त्या त्याच्या खांद्याचा आधार घेतात. बोलत मात्र फारसं नाहीत. एकदा तिसऱ्या पायरीवर म्हणाल्या, ‘सावकाश,’ आणि तो शब्द त्याने घरी येऊन बायकोला सांगितला.

कवळी दिल्यावर महिन्याभराने अण्णा कारखान्यात आला. पुढच्या दाराने, भर दुपारी, फोन छातीच्या खिशात. बाकावर बसलेले डॉक्टरांकडचे ठसे घेऊन आलेले दोन नोकर आपापले फोन बघून बाहेर जाऊन उभे राहिले.

‘डावीकडे खाली टोचतंय,’ अण्णा म्हणाला.

दातवाल्याने कवळी घेतली, हिरडीवरची लाल जागा पाहिली, खूण केली आणि चाकावर घासायला लागला. काम दोन मिनिटांचं. त्याने दहा लावली.

‘धाकट्याने पाठवलं का?’ त्याने मान वर न करता विचारलं.

‘छे. त्याला माहीतही नाही. तुझं नाव काढलं की तो उठून जातो.’

‘येतो का तो तुमच्याकडे?’

‘रोज. आता रविवारचं बंधन कुठे आहे? कामावरून परस्पर येतो. डोकं खातो नुसता.’

चाक फिरत होतं. रोज, दातवाला मनात म्हणाला, आणि छातीत तीच जुनी जागा दुखली.

अण्णाने कवळी तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिलं, जीभ फिरवली. ‘आता उजवीकडे टोचेल,’ तो म्हणाला. ‘कधी येऊ?’

‘टोचेल तेव्हा या.’

‘पंधरा दिवसांनी टोचेल,’ अण्णा म्हणाला आणि पायरी उतरून गेला.